ओपार

गुरुवारी संध्याकाळी, भट्टीवरून परतताना
व्लास्तिमिलच्या खालच्या ओठाला, डाव्या कोपऱ्यात,
मुंगी चावल्यासारखं झालं.
नोव्हेंबरात कुठली मुंगी?
एकोणसाठ वर्षांचा ओठ
येणाऱ्याला पावलांवरून ओळखतो.

आपण म्हणतो, जर फुटला.
उत्तर बोहेमियातल्या त्या दरीत म्हणतात ओपार,
आणि पहाटे नदीवर जे पांढरं तरंगतं
त्यालाही ओपारच म्हणतात.

"कशाची तरी किळस आली असणार," मुकादम च्तिबोर म्हणाला,
"त्याशिवाय उठत नाही."
कोळसेवाल्या म्हाताऱ्याने सांगितलं, कानातला मळ लाव.
कुणी म्हणालं टूथपेस्ट.
कुणी म्हणालं आलुबुखारची दारू,
थेंबभर ओठाला, उरलेली आत.

व्लास्तिमिलने आपल्या फुंकनळीला निळा दोरा बांधला.
काच फुगवणाऱ्यांत नळी या तोंडातून त्या तोंडात जाते,
तंबाखूच्या चिमटीसारखी, हक्काने.
शुक्रवारी ती कुणाकडेच गेली नाही.

औषधांच्या दुकानातली राडाना चष्म्यावरून बघत म्हणाली:
थंडीने होत नाही हा, किळसेने तर नाहीच.
लहानपणी कधीतरी अंगात शिरला,
आणि कवटीच्या तळाशी, कानाच्या अलीकडे,
नसेच्या एका गाठीत झोपून राहिला.
जागरण, ताप, बर्फावरचं ऊन, काळजी,
यातलं काहीही त्याला हलवतं.
मग जुन्याच वाटेने चालत ओठापर्यंत येतो.
"घालवता नाही येत?"
"परत झोपवता येतो."

तिने मलमाची ट्यूब पुढे सरकवली.
म्हणाली, तुमच्या कुंडीतली मेदुंकाही लावा,
कडक काढा, गार करून, कापसाने,
कापूस एकदाच वापरायचा.
फडक्यात गुंडाळून बर्फ. मध लावलात तर चाटू नका.
त्याच हाताने डोळे चोळू नका.
दहा दिवस लागतील.
काही न लावता? तरी दहाच, किंवा थोडे जास्त.
पण लावणाऱ्याला बरं वाटतं, तेही काही कमी नाही.

नातीबद्दल त्याने विचारलंच नव्हतं.
मंगळवारी झाली, गावभर माहीत होतं.
राडानाने चष्मा काढला.
"खपली पडून खालची कातडी कोरी दिसेपर्यंत
मुका नाही. एकही नाही.
तेवढ्याशा जिवाच्या तो जिवावर बेततो."

रात्री झ्दिस्लावाने पानं उकळली.
स्वयंपाकघरात लिंबाचा वास, लिंबू नसताना.
तो खुर्चीत मान मागे टाकून बसला
आणि त्याला आईचा ओठ दिसला:
ती पेंढ्यात पेले गुंडाळायची कारखान्यात,
हिवाळाभर तिच्या ओठाला खपली असायची,
आणि ती उशिरा यायची, बोटं गार,
झोपलेल्या पोराच्या तोंडावर वाकायची.
घर भावाकडे गेलं. घड्याळ विकलं.
हे मात्र कुणी वाटून मागितलं नाही.

जर. आपल्याकडे याच अक्षरांनी
न झालेल्या गोष्टी सुरू होतात.
जर ती त्या रात्री वाकली नसती.
पुढचं "तर" त्याला सुचेना,
कापूस कोरडा पडला होता.

रविवारी तो अंगणातच थांबला, मफलर नाकापर्यंत.
तळमजल्याच्या खिडकीआड द्राहोमीरा, तिच्या हातात गाठोडं,
गाठोड्यात बटाट्याएवढं तोंड.
मफलर खाली करून, निव्वळ सवयीने,
त्याने काचेवर फुंकर घातली.
चाळीस वर्षं तो काचेला श्वास देत आलाय,
आतून. बाहेरून हा पहिलाच.
काच धूसर झाली. मुलगी दिसेनाशी झाली,
मग आधी नाक, मग एक मूठ परत आली.

"ओपार," द्राहोमीरा आतून ओठांनी म्हणाली,
काचेकडे बोट होतं की त्याच्याकडे, कळेना.
तेवढ्यात नात शिंकली,
अख्ख्या अंगाने, आणि स्वतःच दचकली.

तो हसला. नको तेवढा हसला.
खपली चरकन फाटली,
जिभेवर मध आला, आणि मागोमाग रक्त.
दहातला पाचवा दिवस.
आता पुन्हा पहिल्यापासून मोजायचं.